बिनबुडाचा पेला

मे महिन्याच्या सुटीत मी तीन आठवडे मुंबईला भाचीकडे राहिले होते. एक कादंबरी अर्ध्यावर अडली होती, तिला जरा शहराचे वारे लागावे म्हणून. पहिल्याच शुक्रवारी रात्री भाची म्हणाली, "मावशी, रविवारी ब्रंचला येशील ना? बॉटमलेस आहे."

ब्रंच म्हणजे न्याहारी आणि दुपारचे जेवण यांचा संकर, एवढे मला ठाऊक होते. पण बॉटमलेस? "म्हणजे पेला रिकामाच होत नाही गं," ती म्हणाली. "एकदा पैसे भरले की तीन तास हवं तेवढं प्यायचं. ते भरत राहतात."

मी मनातल्या मनात भाषांतर केले, बिनबुडाचा पेला, आणि मला हसू आले. आपल्याकडे बिनबुडाचे म्हटले की आरोप आठवतात, अफवा आठवतात. बिनबुडाचे भांडे म्हणजे जिथे ठेवाल तिथून गडगडणारे, कुणाच्याच उपयोगाचे नाही असे. इथे मात्र बूड नसणे हाच पेल्याचा मोठेपणा ठरला होता आणि त्यासाठी माणसे जास्तीचे पैसे मोजत होती. लिहिणाऱ्या माणसाला शब्दाने असा चिमटा काढला की तो गप्प बसत नाही. मी "येते" म्हणाले.

माझी ओळख एका ओळीत द्यायची तर, मी तालुक्याच्या गावी शाळेत चित्रकला शिकवते आणि सुटीत कादंबऱ्या लिहिते. मॅट्रिकनंतर चित्रकलेची पदविका घेतली, तेवढ्यावर शाळेची नोकरी लागली. पुढचे शिक्षण गावच्या ग्रंथालयाने केले. मी स्वतः दारू पीत नाही. त्यात पुण्याईचा भाग कमी आणि सवयीचा जास्त आहे. तेव्हा पुढे जे लिहीत आहे ते दारूबंदीचे व्याख्यान नव्हे, एवढा विश्वास वाचकांनी ठेवावा.

भाचीने मोबाईलवर शोधून या जेवणाचा इतिहासही सांगितला. १८९५ साली गाय बेरिंजर नावाच्या इंग्रज लेखकाने 'हंटर्स वीकली' या नियतकालिकात लेख लिहून या जेवणाची तरफदारी केली. शनिवारी रात्री जागलेल्या माणसाला रविवारी सकाळी लवकर उठवू नये. दोन्ही जेवणे एकत्र करून सावकाश, उशिरा बसावे. त्याने गप्पा रंगतात आणि माणसाचे मन हलके होते, असे त्याचे म्हणणे. मला ते पटले. रविवारी उशिरा उठणाऱ्यावर इतक्या मायेने लिहिणारा माणूस वाईट असणार नाही.

पहिल्या रविवारी आम्ही समुद्राजवळच्या एका मोठ्या हॉटेलात गेलो. दारातच दर लिहिले होते. नुसते जेवण आणि सरबते यांचा एक दर, त्यावर देशात तयार होणाऱ्या दारूचा दुसरा, आणि परदेशी फेसाळ वाइनचा तिसरा. मला मौज वाटली ती निराळीच. आपल्या राज्यात १९४९ सालचा दारूबंदी कायदा अजून पुस्तकात आहे. त्याप्रमाणे पिणाऱ्यापाशी परवाना असावा लागतो. 'परमिट रूम' हा जुन्या पाट्यांवरचा शब्द त्यातूनच आला. म्हणजे एका हाताने सरकार म्हणते, प्यायची तर परवानगी घ्या. आणि दुसरीकडे पाटी म्हणते, पेल्याला बूडच नाही. माणूस या दोहोंच्या मधून सराईतपणे वाट काढतो आणि खुर्ची ओढून बसतो.

माझा दर सर्वांत खालचा होता, तरी तो माझ्या एका दिवसाच्या पगाराहून जास्त भरला. पैसे भाचीने दिले. पण दुसऱ्याने दिलेले पैसेसुद्धा मास्तरकीच्या डोक्यात आकडा होऊन बसतातच. मी हिशेब मांडला. बाहेर कलिंगडाचा रस इतक्याला मिळतो, तर इथे किती प्यायले म्हणजे पैसे वसूल होतील? जेवणाच्या मांडणीकडे गेले. चाळीस तरी पदार्थ असतील. ज्यांची नावे वाचता येत नव्हती तेही थोडे थोडे घेतले. पहिले ताट आवडीने खाल्ले. दुसरे कुतूहलाने. तिसरे मात्र निव्वळ पैशांसाठी. गोडाच्या टेबलावरून चार प्रकार आणले आणि प्रत्येकाचा एकेक घास खाऊन बशी बाजूला सारली. माझ्या वर्गातल्या मुलाने डब्यातली पोळी टाकली तर मी त्याला उभा करते. इथे मला उभी करणारे कोणी नव्हते.

परतताना लोकलमध्ये पोट धरून बसले होते. शेजारची बाई म्हणाली, "लिंबू देऊ का?" त्या क्षणी मला 'वसूल' हा शब्द नीट ऐकू आला. वसूल कोण करतो? शेतसारा वसूल करतात, थकलेले कर्ज वसूल करतात. वसुली ही सावकाराची क्रिया आहे. मी पाहुणी म्हणून आत शिरले होते आणि तासाभरात सावकार झाले होते. ते कर्ज तरी कुणाकडे थकले होते? हॉटेलाने माझे काहीच बुडवले नव्हते. शेवटी वसुली झाली ती माझ्याच पोटाकडून.

आता कोणी म्हणेल, हे सारे नव्या जमान्याचे चोचले. आपल्या जुन्या पंगतीत असे नव्हते. मला तसे म्हणवत नाही. माझ्या लहानपणी गावात जिलब्यांच्या पैजा लागलेल्या मी ऐकल्या आहेत. पंगतीत एखादा भोक्ता माणूस बसला की वाढपी चेकाळायचे, आजूबाजूचे हात थांबवून मोजू लागायचे, आणि तो गडी घामाघूम होऊन शेवटची जिलबी गिळायचा. त्याच्या पराक्रमाच्या गोष्टी पुढच्या लग्नापर्यंत पुरत. हावेला परदेशाहून आणावे लागत नाही. ती घरचीच आहे.

तरीही पंगतीत एक गोष्ट होती, ती त्या हॉटेलात नव्हती. पंगतीत आग्रह होता. यजमान ताट घेऊन फिरे, हात जोडून "माझ्यासाठी एक" म्हणे. पाहुणा पानावर दोन्ही हात आडवे धरून "पुरे, पुरे" म्हणे. यजमान तरी एक टाके. पाहुणा हसत खाई आणि दुसऱ्यांदा "पुरे" म्हणे, तेव्हा यजमान पुढच्या पानाकडे वळे. लहानपणी मला हे नाटक वाटे. आज वाटते, त्या नाटकात शहाणपण होते. 'पुरे' हा शब्द दोघांनी मिळून म्हणायचा असतो. एकाने वाढायचे, दुसऱ्याने हात आडवा धरायचा. मर्यादा त्या दोघांच्या मध्ये कुठेतरी सापडते. जिथे आग्रह करणारा नाही, तिथे नाही तरी कुणाला म्हणायचे? चाळीस पदार्थांपुढे मी एकटी ताट घेऊन उभी होते, आणि एकट्याने स्वतःला 'पुरे' म्हणणे फार अवघड आहे.

दुसऱ्या रविवारी आम्ही लोअर परळला गेलो. तिथल्या गिरण्यांच्या आवारांत आता कचेऱ्या, दुकाने आणि खाण्यापिण्याच्या जागा झाल्या आहेत. उंच छप्पर, उघड्या विटांची भिंत, लोखंडी तुळया. बाकीच्यांना त्यात शोभा दिसत होती. मला माझे थोरले मामा दिसत होते. ते याच भागातल्या एका गिरणीत साचेवाले होते. १९८२ च्या संपानंतर ते गावी परतले, ते पुन्हा मुंबईला आले नाहीत. त्यांच्या तोंडी गिरणीपेक्षा खाणावळीच्या गोष्टी जास्त असत. कामगारांच्याच बायका आपल्या खोलीत दहा-पंधरा माणसांचा स्वयंपाक करीत आणि महिन्याच्या बोलीवर जेवायला घालीत. पुढे १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अशा खाणावळवाल्या बायकांना एकत्र आणून अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले आणि त्यांना बँकेच्या कर्जाचा रस्ता दाखवला. मामा सांगत, "रात्रपाळी करून आलेला कोण, ते बाई तोंडाकडे बघून ओळखायची. त्याच्या ताटात न मागता एक भाकरी जास्त पडायची. आणि पिऊन आलेला कोण, तेही ओळखायची. त्याला आधी ताक मिळायचं."

भाचीबरोबर तिच्या चार मैत्रिणी होत्या. साऱ्या हुशार, मिळवत्या, हसऱ्या मुली. पेले येत होते, रिकामे होत होते, पुन्हा भरत होते. मी कोकमाचे काहीतरी घेऊन बसले होते. ते ओतायला आलेला पोरगा एकदम थबकला.

"बाई! तुम्ही इथे?"

मी चष्मा सारखा करून पाहिले. दहा वर्षांपूर्वीचा माझा विद्यार्थी. स्मरणचित्रात त्याचा हात चांगला होता. जत्रेचे चित्र काढायला सांगितले की हा नेहमी जत्रेतला चहावाला काढायचा. आता काळा शर्ट, काळा एप्रन, हातात सुरई. त्याने वाकून नमस्कार केला. आजूबाजूच्या टेबलांवरची माणसे पाहू लागली तसा तो झटकन सरळ झाला.

तीन वाजायच्या सुमारास भाचीचा आवाज चढला. ती हसत होती, पण ते हसणे तिच्या हातात राहिलेले नव्हते. तिने पेला उंच धरून खूण केली. मला कळत होते की आता पुरे. पण मी बोलले नाही. पैसे तिचे, वय तिशीचे, मैत्रिणी समोर. मी तिच्या घरची पाहुणी. कोणत्या हक्काने बोलायचे? असे स्वतःला विचारत मी कोकमाच्या पेल्यातला बर्फ ढवळत बसले.

माझा विद्यार्थी आला. त्याने आधी पाण्याचा भला मोठा पेला ठेवला. मग "आणतो मॅडम" म्हणून गेला, तो बराच वेळ आलाच नाही. आला तेव्हा पेल्यात बर्फ पुष्कळ होता.

हात धुवायला गेले तेव्हा तो कोपऱ्यात उभा होता. मी म्हटले, "मघाशी तू मुद्दाम उशीर केलास."

तो लाजला. "बाई, आम्हाला 'पुरे झालं' म्हणायची सोय नाही. गिऱ्हाइकाने पैसे भरलेत. मग आम्ही पाणी आधी ठेवतो, फेरी लांबवतो, बर्फ वाढवतो. फारच झालं तर मोठ्या साहेबांना सांगतो."

"मग 'पुरे' म्हणतं कोण?"

"साडेतीनला घड्याळ म्हणतं," तो हसून म्हणाला.

"आणि तू जेवलास का?"

हा प्रश्न मी सहज विचारला. शाळेत दुपारच्या तासाला मुलगा पेंगत असला की हाच पहिला प्रश्न असतो. तो म्हणाला, "हे सगळं आवरलं की. साडेचार-पाच होतात. आमचं वेगळं असतं, डाळभात. इथलं उरलेलं आम्ही खायचं नसतं." एवढ्यात कोणीतरी बोट वर केले आणि तो सुरई घेऊन धावला.

त्या संध्याकाळी मी भाचीचे डोके धरून मोरीपाशी बसले होते. रात्री तिला बरे वाटले तेव्हा पेज करून दिली. ती दोन्ही पाय पोटाशी घेऊन बसली होती, तिसरीतली असताना बसायची तशी.

"मावशी, तू काही बोलत नाहीस म्हणजे पुष्कळ बोलतेयस."

"मी काही म्हटलं का?"

"आईला सांगू नकोस."

"नाही सांगत."

ती थोडा वेळ पेज ढवळत राहिली. मग एकदम म्हणाली, "आजी कधी जेवते गं?"

"सगळ्यांचं झाल्यावर."

"आणि माझी आई?"

"सगळ्यांचं झाल्यावर."

"आणि तू?"

मी गप्प राहिले. माझे यजमान भले आहेत, मुलगा शहाणा आहे. तरी गरम पोळी तव्यावरून उतरते ती त्यांच्या ताटात, हे खरे आहे.

"मग आपल्या घरात पहिल्या पंगतीला बसणारी मी पहिली बाई," ती म्हणाली. "आठवडाभर सकाळी आठला निघते, रात्री नऊला येते. शनिवारीसुद्धा काम मांडीवर असतं. रविवारचे तीन तास मी बसते आणि दुसरं कोणीतरी वाढतं. माझ्या पैशांनी. आज जास्त झालं, कबूल. पण आजोबांचं, मामांचं, बाबांचं जास्त व्हायचं तेव्हा कुणी त्याच्यावर निबंध लिहिला का?"

या बोलण्याला माझ्याजवळ उत्तर नव्हते आणि अजूनही पुरते नाही. तिचा प्रश्न खरा आहे. संयमाच्या गोष्टी आपण फार करून त्यांनाच सांगतो, ज्यांना आयुष्यात प्रथमच काही मनसोक्त मिळू लागले आहे. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या मिळत होते, त्यांच्या ताटाकडे बोट दाखवायला कुणी गेले नाही.

ती झोपली. मला झोप येईना. तेव्हा द्रौपदीच्या थाळीची गोष्ट आठवली. वनवासात पांडवांबरोबर पुष्कळ माणसे निघाली, त्यांना खायला काय घालायचे, म्हणून युधिष्ठिराने सूर्याची आराधना केली आणि त्याला ते पात्र मिळाले. कितीही वाढा, संपायचे नाही. आपण तिला अक्षय थाळी म्हणतो. बिनबुडाचा पेला म्हणजे तिचेच आजचे रूप, असे वरवर पाहता वाटेल. पण त्या वरदानात एक अट होती, तिच्याकडे मी आजवर नीट पाहिले नव्हते. द्रौपदी जेवेपर्यंतच ती थाळी अक्षय होती. सर्वांना वाढून ती जेवली की थाळी त्या दिवसापुरती रिकामी. म्हणून तर दुर्वास अवेळी आले तेव्हा ती घाबरली आणि कृष्णाला थाळीच्या कडेला चिकटलेल्या भाजीच्या कणावर भागवावे लागले.

त्या अक्षय थाळीलाही बूड होते, आणि ते वाढणारीच्या भुकेत होते. इतरांना ती थाळी अमर्याद दिसावी, म्हणून एका बाईने शेवटी जेवायचे होते. ही गोष्ट मी मुलांना कितीदा तरी सांगितली असेल. त्या अटीचा अर्थ मला कळला तो त्या डाळभाताच्या गोष्टीने.

मग माझे लहानपणही समोर उभे राहिले. आम्ही चार भावंडे, दोन पाहुणे, दिवस पावसाळ्याचे. मी भात दुसऱ्यांदा मागून घेतला होता. नंतर पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले, तर आई पातेल्याला लागलेली खरवड उलथन्याने काढत होती. मी विचारले, "भात संपला?" ती म्हणाली, "मला भूकच नव्हती गं." मी ते खरे मानले. खरे मानणे सोयीचे होते. आमच्यासाठी आईचे पातेले बिनबुडाचे होते. बूड फक्त तिला दिसत होते.

एकूण मर्यादा कधी नाहीशी होत नाही. पैसे भरून, जन्माने, लाडाने किंवा वरदानाने आपण ती आपल्या ताटापुढून हलवतो, तेव्हा ती दुसऱ्या कुणाच्या तरी ताटात जाऊन बसते. आपल्याला 'पुरे' म्हणावे लागत नाही, कारण ते दुसरे कोणीतरी आपल्या वतीने मुकाट्याने म्हणत असते: खरवड काढणारी आई, बर्फ वाढवणारा पोरगा. मी मावशी असून जे बोलले नाही, ते वयाने माझ्या भाचीहून लहान असलेल्या त्या मुलाने पाण्याचा पेला पुढे ठेवून सांगितले होते. नोकरीत ती सोय नसताना.

म्हणून कोणी पहिल्या पंगतीला बसूच नये का? तसे मी म्हणणार नाही. भाचीने बसावे, खुशाल बसावे. फक्त पहिली पंगत बसली की कुणाची तरी शेवटची होते, हे तिला बसण्याआधी ठाऊक असावे. ते तिच्या आजोबांना ठाऊक नव्हते. मला वाटते, ठाऊक असणाऱ्याचा घास जरा निराळा पडतो. तो अडकत नाही, पण मोजकाही राहतो.

तिसऱ्या रविवारी आम्ही वांद्र्याला एका छोट्या जागी गेलो. भाचीने दुसऱ्या पेल्यानंतर तळहात पेल्यावर आडवा धरला. माझ्या विचारांचा हा विजय आहे असे वाचकांनी समजू नये. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता तिला कचेरीत काहीतरी मांडायचे होते. पण निघताना तिने पैसे देऊन झाल्यावर वाढणाऱ्या मुलीला विचारले, "तुम्ही जेवलात?" ती मुलगी गोंधळली. हा प्रश्न तिला कुणी विचारत नसावे. मग म्हणाली, "जेवेन ना आता." दारातून बाहेर पडताना भाची माझ्याकडे न पाहता म्हणाली, "विचारायला पैसे पडत नाहीत." मीही तिच्याकडे पाहिले नाही.

इथेच हा लेख संपवता आला असता. पण घरी आल्यावर जे घडले ते सांगितले नाही तर मी लबाडी केली असे होईल.

जूनचा पहिला आठवडा होता, आंब्यांचा शेवट. आई माझ्याकडेच असते. मी ठरवून आमरसाचा बेत केला आणि आईला म्हटले, "आज तू पहिल्यांदा बसायचं. मी वाढते." तिने पुष्कळ आढेवेढे घेतले. पुऱ्या गार होतील म्हणाली, जावयांचे आधी होऊ दे म्हणाली, शेवटी गुडघे दुखतात म्हणाली. यजमानांनीच तिला हाताला धरून पाटावर बसवले. मी वाटीत रस वाढला, दोन पुऱ्या टाकल्या. ती खाली मान घालून जेवू लागली. वाटी अर्धी झाली, मी रसाचे पातेले घेऊन वाकले, तोच तिने हात आडवा धरला.

"पुरे."

मी अजून विचारलेही नव्हते. आणि मला एकदम वाईट वाटले. तीन आठवडे मी 'पुरे' या शब्दाचे गुणगान मनात करत होते. आईइतक्या सहजपणे तो शब्द दुसऱ्या कुणाला येत नाही. पण तिच्या तोंडी तो संयम नव्हता. तिला आणखी मिळण्याची कधी सवयच नव्हती. समोर उरलेले नसताना म्हटलेले 'पुरे' हे 'पुरे' नव्हे. ती नुसती सवय. संयम कशाला म्हणावा? भरलेले पातेले समोर असावे, वाढणारा मनापासून वाढत असावा, आणि मग हात आडवा व्हावा. ज्याला अंत नाही त्याला 'पुरे' म्हणता येत नाही, आणि ज्याला कधी पुरेसे मिळालेच नाही त्यालाही ते म्हणता येत नाही. माझी भाची आणि माझी आई, दोघींना एकाच शब्दापासून दोन बाजूंनी दूर ठेवले गेले होते.

मी तिचा हात बाजूला केला आणि वाटी काठोकाठ भरली. "अगं, तुम्हाला उरेल का?" ती म्हणाली. मी पातेले तिरके करून तिला आत दाखवले. अर्ध्याहून जास्त भरलेले होते. तिने नीट वाकून पाहिले. मग सावकाश, एकेक घोट घेत, वाटी रिकामी केली. मी पुन्हा वाकले. या वेळी तिने माझ्या तोंडाकडे पाहिले, हसली, आणि पोट भरलेल्या माणसासारखी मागे रेलून म्हणाली,

"पुरे गं आता. तू बस."